दुसऱ्या डब्याचं घड्याळ

माझ्या नणंदेने, म्हणजे अक्कांनी, अठ्ठावीस वर्षं एका शाळेत घंटा दिली. शिपाई म्हणून लागल्या आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झाल्या. मनगटाला घड्याळ कधी बांधलं नाही. "घड्याळ पुढेमागे होतं, पोटातली भूक होत नाही," म्हणायच्या. मुख्याध्यापक त्यांच्या घंटेवर स्वतःचं घड्याळ लावत, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. अक्कांनी लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा आमचे हे नऊ वर्षांचे होते. त्यांना अक्कांनीच वाढवलं, टेबलावर बोट वाजवत पाढे शिकवले.

रविवारी सकाळी आमच्या घरी पाच बायका प्रार्थनेला जमतात. शंभर कडवी, चाळीस मिनिटं, मध्ये थांबायचं नाही. लय अक्कांची. त्यांचं बोट मांडीवर पडलं की सगळ्यांनी सुरू करायचं. मी दारापाशी बसून म्हणायची, कोणी आलं तर उठता यावं म्हणून.

निवृत्त झाल्यावर ह्यांना रेकॉर्डिंगचं वेड लागलं. मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या लागल्या आणि माझं इस्त्रीचं टेबल गॅलरीत गेलं. प्रार्थना रेकॉर्ड करून अंथरुणाला खिळलेल्यांना पाठवायची, ही कल्पना मात्र चांगली होती. ते श्रेय मी देते. माईक कॉम्प्युटरला जोडतो तो ऑडिओ इंटरफेस. घरात आम्ही त्याला डबाच म्हणतो. त्याला माईक लागायचे चार आणि बायका पाच, म्हणून दुसरा डबा आला. चौघी पहिल्यावर, अक्का एकट्या दुसऱ्यावर.

"बघ वहिनी," अक्का म्हणाल्या, "उभ्या जन्मात मिळाली नाही ती स्वतंत्र खोली म्हातारपणी मिळाली!"

रेकॉर्डिंग ऐकलं. सुरुवात छान होती. साठाव्या कडव्यापाशी अक्कांचा आवाज जरासा मागे पडला. शंभराव्याला तर कोणी मागून हाक मारावी तसा वेगळा ऐकू येऊ लागला. तीन रविवार हेच.

"दम पुरत नाही तिला," हे म्हणाले. "वय झालं."

मीही हेडफोन लावून ऐकलं आणि मान डोलावली. माझ्या रोजनिशीत त्या दिवसाच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: अक्का थकल्या.

ह्यांनी त्यांना सांगितलं, "अक्का, तू शेवटी शेवटी मागे पडतेस."

"मी?" त्या हसल्या. "अरे, अख्खी शाळा माझ्यामागे चालायची."

ह्यांनी त्यांच्या कानाला हेडफोन लावले आणि शेवटचं कडवं ऐकवलं. अक्कांचं बोट टेबलावर पडत होतं, ते थांबलं. त्यांनी हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळून ठेवली.

"यंत्र कशाला खोटं बोलेल," एवढंच म्हणाल्या. पुढच्या रविवारी त्यांच्या घरून गुडघे दुखत असल्याचा निरोप आला. मग निरोपही येईना.

त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं. दोन रविवार बसले आणि दोन्ही वेळा मीही शेवटी मागे पडले.

"लागला नणंदेचा गुण!" हे म्हणाले.

आमच्या प्रार्थनेतल्या शिंपीणबाई फटकळ. म्हणाल्या, "मग मला बसवा त्या खुर्चीत. बघू मला कोणाचा गुण लागतो ते." त्याही मागे पडल्या. तेव्हा कुठे ह्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

त्याने एकच प्रश्न विचारला. "दोन्ही डबे आपापल्या घड्याळावर चालवताय का?"

प्रत्येक डब्याच्या पोटात एक घड्याळ असतं म्हणे. दोघांत केसाएवढा फरक. पाच मिनिटांच्या गाण्यात तो कळत नाही, चाळीस मिनिटांत उघडा पडतो. दुसऱ्या डब्याला पहिल्याच्या घड्याळावर चालायला सांगावं लागतं. एक वायर जोडली, एक सेटिंग बदललं, दहा मिनिटांत काम झालं. डब्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत हे सगळं होतं. ती पुस्तिका माईकचा स्टँड डुगडुगू नये म्हणून घडी करून त्याच्या पायाखाली सारलेली होती.

"आता अक्कांना सांगा," मी म्हटलं.

"त्यात सांगायचं काय? बोलाव तिला. डबा दुरुस्त झाला म्हण."

"तुम्ही सांगा ना."

"अगं, ती काय परकी आहे?"

मीच गेले. अक्का उशीच्या अभ्र्याला गुंडी लावत होत्या. सगळं सांगितलं.

"म्हणजे मी बरोबर होते?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत, अक्का."

त्यांनी दोरा दाताने तोडला. "त्यानं पाठवलं तुला?"

मी हो म्हटलं.

रविवारी त्या सगळ्यांच्या आधी हजर. पण त्यांचं बोट मांडीवर पडेना. दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून बसल्या होत्या. बाकीच्यांनी सुरू केलं, ते त्यांनी ऐकलं आणि मग तोंड उघडलं. शंभरच्या शंभर कडवी तसंच. शिंपीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

नंतर ऐकलं. दोन्ही डबे आता एका श्वासाने चालत होते आणि अक्का पहिल्या ओळीपासून मागे होत्या. शेजारणीकडे बघून खात्री करून घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच मागे.

"बघ," हे म्हणाले. "मी म्हणत नव्हतो?"

आणि पडद्यावरची अक्कांचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी त्यांनी बोटाने खाली ओढली, अगदी तळापर्यंत. मी तिथेच उभी होते.

ते रेकॉर्डिंग घरोघरी गेलं. अक्कांच्या खालच्या मजल्यावरच्या आजारी बाईंकडेही गेलं. परवा अक्कांचा फोन आला.

"वहिनी, ऐकलं गं. काय जुळून आलंय! माझा आवाज वेगळा म्हणून कुठे कळतच नाही."

"जुळलाय ना, म्हणून," मी म्हटलं.

"देवाची कृपा," अक्का म्हणाल्या. "येत्या रविवारी जरा लवकरच येते."