झुरिक ते पॅरिस, आणि एक 'येते'

बायको झुरिकला संशोधन करत होती आणि मी सिंगापुरात, जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात पाइपांमधले दाब मोजत होतो. सेमिनारांसाठी ती सारखी युरोपभर उडायची. निघण्याआधी तिचा मेसेज यायचा, कुठून कुठे आणि कधी एवढाच, आणि मी बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये कंप्युटर लावून त्या दोन विमानतळांमधलं अंतर शोधायचो. झुरिक ते व्हिएन्ना किती, झुरिक ते मिलान किती. मला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. पण झुरिक ते सिंगापूर हा आकडा बघवत नसे, म्हणून हे लहान आकडे बघत बसायचो.

त्या महिन्यात तिचं दोन वर्षांचं काम संपत होतं. पुढेही तिथेच राहायचं की इकडे यायचं, ते तिने ठरवायचं होतं. मी विचारत नव्हतो. माझा स्वभावच तसा, आतून जळेन पण विचारणार नाही.

कारखान्यात मोबाइल न्यायला बंदी. संध्याकाळी गेटवरून फोन घेतला आणि कंपनीच्या बसमध्ये मेसेज वाचला. इंग्रजी अक्षरांतलं मराठी: 'झुरिक-पॅरिस, सकाळचं फ्लाइट. येते.'

बस सुटेपर्यंत मी तो दहा वेळा वाचला. झुरिक ते पॅरिस पावणेपाचशे किलोमीटर, आमच्या पुणे-नागपूरपेक्षाही कमी. सव्वा तासाचं उड्डाण. तिथून दुपारचं विमान, तेरा तास. म्हणजे उद्या सकाळी सातला इथे, चांगी विमानतळावर! फोन करून उपयोग नव्हता, माझ्या हिशेबाने ती आकाशात होती.

घरी येऊन फरशी पुसली, कढीपत्ता आणला, चादरी बदलल्या. शेजारची चिनी आँटी दारातून बघत होती.

"वाइफ कमिंग, आह?"

"टुमॉरो," मी म्हणालो. इतका आनंद मला शोभत नाही, पण झाला होता.

सकाळी पॅरिसच्या विमानातले सगळे बाहेर पडले. शेवटी विमानाचे कर्मचारीही आपापल्या बॅगा ओढत गेले. नऊ वाजता मी फोन लावला. तिकडे तीन वाजले असतील, हे अंतरं मोजणाऱ्या माझ्या डोक्यातही आलं नाही.

"अरे, काय झालं?" ती दचकून म्हणाली.

"तू कुठे आहेस?"

"पॅरिसला. सेमिनार आहे, कळवलं होतं ना. तू?"

"चांगीला."

तिने आपला मेसेज पुन्हा उघडून पाहिला असावा.

"अरे, निघताना 'जाते' म्हणू नये ना... म्हणून लिहिलं 'येते'."

मला कळायला हवं होतं. मी स्वतः रोज त्या रिकाम्या फ्लॅटला कुलूप लावताना 'येतो' म्हणायचो. आणि तिचं वाचून मात्र मनातल्या मनात मांडे खाल्ले.

"तुला सांगणारच होते," ती हळूच म्हणाली. "मी अजून दोन वर्षं घेतलीत."

"बरं," मी म्हणालो. परतीच्या मेट्रोत बसल्यावर मला रडू आलं.

लिफ्टपाशी आँटीने विचारलं, "वाइफ कम अलरेडी?"

"नॉट येट," म्हणालो.

पंधरा दिवसांनी मेसेज आला: 'झुरिक-लिस्बन, दुपारचं फ्लाइट. जाते.' पुन्हा घोटाळा नको म्हणून तिने शब्द बदलला होता. तिचं बरोबरच होतं. त्या दिवशी मी अंतर शोधलं नाही. 'येते' म्हणणाऱ्याला आपल्याकडे जे उत्तर देतात, तेच पाठवलं.

'ये.'