पाणी येईपर्यंत

नदीवरच्या आमच्या मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवला, त्या दिवशी मला आपण शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटलं होतं. खरं तर बसवला वायरमननं. मी शेजारी उभा राहून मान डोलवत होतो.

कारण साधं होतं. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि मोटर चालू करायला नदीची दरड उतरावी लागायची. आता मी साताऱ्यात ऑफिसच्या खुर्चीवरून बटण दाबणार आणि तिकडे सांगलीकडच्या आमच्या गावात उसाला पाणी सुटणार. वडिलांनी नुसतं बसायचं.

ते बसले. इतके बसले की आईचा फोन आला. "आजपण अर्धीच भाकरी खाल्ली. सकाळपासनं मोटरीच्या वाटंकडं बघत बसल्यात. तू काय बसवलंस रं त्या मोटरीला?"

मोटरीची वाट म्हणजे वडिलांचा दीड तास. जाताना एका बांधावर तंबाखू, दुसऱ्या बांधावर गाभण म्हशीची चौकशी, आणि परत येताना तेच सगळं उलट्या क्रमानं. फौजेतून आल्यापासून ऑपरेशनपर्यंत एक दिवस चुकला नव्हता. ती वाट मी त्यांच्याकडून काढून माझ्या खिशात घातली होती आणि वर विचारत होतो, "दादा, सोयीचं झालं ना?"

"लय सोयीचं," ते म्हणायचे आणि फोन आईकडे द्यायचे.

मला मात्र त्या बटणाची चटक लागली. दुपारच्या चहाला दाबायचो. पडद्यावर हिरवा ठिपका यायचा, की मी डोळे मिटायचो. मग पाइपाच्या अंधारातून पाणी चढताना दिसायचं. ते आमच्या रानात उतरायचं, एकेका सरीत शिरायचं, आणि हळूहळू माझ्या टेबलाखालीही ओल यायची. समोरच्या फायली पाल्यासारख्या सळसळायच्या. साहेबांनी दोनदा हाक मारल्यावर एकदा मी "आलो, दारं मोडून आलो," असं म्हणालो होतो. दारं मोडणं म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवणं; पण साहेब शहरातले. त्यांनी दरवाजाकडे बघितलं.

आमची पाइपलाइन चुलत्यांबरोबर सामाईक आहे. रानाच्या तोंडाला एक कॉक आहे. इकडे फिरवला की पाणी आमच्या उसात, तिकडे फिरवला की त्यांच्या. चुलत्यांचा ऊस तोडीला आलेला, म्हणून त्यांनी महिनाभर पाणी तोडलेलं. पण एके दिवशी म्हशी धुवायला त्यांनी कॉक आपल्याकडे घेतला आणि तसाच ठेवला. हिरव्या ठिपक्याला हे कुठून कळणार? मी तीन तास डोळे मिटून चुलत्यांचा ऊस भिजवला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "काय रं, साताऱ्यात बसून माझ्या रानात पाऊस पाडलास व्हय? उसानं भरल्याली ट्रॉली चाकाच्या आसापातूर रुतलीया. तोडकरी बांधावर बसून हसत्यात."

"पण काका, मोबाईलवर तर सगळं बरोबर दिसत होतं."

"मग मोबाईलला सांग ट्रॉली ढकलायला."

रजा टाकून गावी गेलो. वाटभर वडिलांची बोलणी मनात ऐकत होतो. रानात पोचलो तर वडील काठी टेकून चिखलाच्या कडेला उभे. दोन ट्रॅक्टर, तोडकऱ्यांची टोळी, चुलते, सगळ्यांना हुकूम सोडताहेत. चेहरा असा, की जणू सुट्टी संपवून पलटणीत रुजू झालेत. ट्रॉली निघाल्यावर घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या. आईनं माझ्याकडे बघितलं.

हात धुता धुता वडील म्हणाले, "बटण तुझ्याकडंच राहू दे. पण म्या कॉक बघितल्याबिगर दाबायचं न्हाई. ऑर्डर हाय."

कॉकपर्यंतची वाट सपाट आहे. तंबाखूचा बांध आणि म्हशीचा बांध, दोन्ही त्याच वाटेवर लागतात.

आता रोज दुपारी त्यांचा फोन येतो. "पोचलो. कॉक आपल्या बाजूला हाय. दाब."

मी दाबतो. हिरवा ठिपका लगेच येतो. "झाली चालू, दादा."

"थांब. आलं न्हाई अजून."

नदीपासून रानापर्यंत पाण्याला दहा मिनिटं लागतात. तोवर आम्ही दोघंही फोन ठेवत नाही. पूर्वी आमचं बोलणं अर्ध्या मिनिटात संपायचं; आताही सांगण्यासारखं फारसं नसतंच. मला उसाचा पाला ऐकू येतो. कुणीतरी लांबून विचारतं, "आवं दादा, जेवला का?" वडील काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतात, तेही ऐकू येतं. माझा चहा निवतो. बायको म्हणते, दुपारी तुमचा फोन लागतच नाही, एवढा वेळ बोलता तरी काय? मी म्हणतो, पाणी.

त्यांचा नंबरही स्टार्टरला जोडलेला आहे. वायरमननं पहिल्याच दिवशी त्यांना बटण दाबायला शिकवलं होतं. ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही.

मग पाइप दोनदा खोकतो. आधी नुसती हवा.

"आलं," वडील म्हणतात.