हात मागे बांधून उभ्या वसुधाताई

सुरुवातीलाच माफी मागतो. वसुधाताईंबद्दल लिहिण्याचा हक्क मला आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखणारी माणसं ठाण्यात आहेत. सख्खी बहीण आहे, वर्षानुवर्षं सोबत काम केलेले लोक आहेत. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे छापून येईल असं काही लिहायचं तर आधी कोणाला दाखवायचं हेही मला ठाऊक नाही. शिवाय त्या गेल्या तेव्हा मी नव्हतो. हॉस्पिटलात नव्हतो, स्मशानात नव्हतो, दहाव्या-तेराव्यालाही नव्हतो. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. शेवटचा पेपर देऊन मी कोपर गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर परतलो, तर आई डबा घेऊन आलेली होती. डबा ओट्यावर ठेवून ती खाली बसली आणि पदराने हात पुसत राहिली… हात कोरडेच होते. मग म्हणाली, "तुझ्या वसुधाताई गेल्या." कधी, असं मी विचारलं. त्याचं उत्तर द्यायला तिला खूप वेळ लागला. मला मुद्दाम सांगितलं नव्हतं, हे मला त्या वेळातच समजलं. खरं तर मला त्याबद्दलच लिहायचंय, पण आधी ताई कोण होत्या ते सांगायला हवं.

आमचं घर कल्याण पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. बारावी झाल्यावर मी गच्चीवरच्या टाकीच्या शिडीवरून पडलो आणि कमरेखालचं शरीर कायमचं गेलं. त्यानंतरची काही वर्षं मी त्या घरातच होतो. वडील सिक्युरिटीची ड्युटी करतात, आई पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. मला खाली उतरवायचं म्हणजे शेजारच्या माणसांना बोलवायला लागायचं, आणि रोज रोज कोणाला बोलावणार. आई मला भरवायची. माझे हात धडधाकट होते तरी भरवायची, आणि मीही तोंड उघडायचो. वसुधाताई एका संस्थेत कामाला होत्या. अपंग माणसांनी घरच्यांपासून वेगळं, भाड्याच्या घरात, आपलं आपण राहावं म्हणून ती संस्था मदत करते. तळमजल्यावरची घरं शोधायची, दारं रुंद करून घ्यायची, सकाळ-संध्याकाळ मदतनीस पाठवायचे. त्या मदतनिसांना आणि आम्हाला शिकवायचं काम ताईंचं. नौपाड्यात वाढलेल्या, पन्नाशी उलटलेल्या, पुस्तकासारखं स्वच्छ मराठी बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी आईने माझी सगळी हकिगत सांगितली. ताईंनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा." मला तोपर्यंत कोणी तुम्ही म्हटलेलं नव्हतं. मी आईकडे बघितलं.

पलंगावरून व्हीलचेअरवर कसं सरकायचं ते त्यांनी शिकवलं. मध्ये एक गुळगुळीत फळी टाकायची, दोन्ही हातांवर भार घ्यायचा आणि सरकायचं. मी सरकत असताना त्या जवळ उभ्या राहायच्या, पण हात पाठीमागे बांधून. एकदा फळी निसटली आणि मी खाली आलो. त्या वाकल्या, हात मागेच ठेवून लागलं का विचारलं, उचलायला हवं असेल तर सांग म्हणाल्या. मला इतका राग आला होता की मी सांगितलंच नाही, तसाच फरशीवर पडून राहिलो. आई आतून धावत आली. "पोरगं खाली पडलंय आणि तुम्ही हात बांधून बघत उभ्या? स्वतःचं लेकरू नाही ना, म्हणून जमतं हे." ताईंनी लग्न केलेलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. असेल तसंही, म्हणाल्या, पण उचलायचं का ते त्याला विचारू या. त्या दिवशी आईनेच मला उचललं. ताई आता येणार नाहीत असं आम्हाला वाटलं, पण त्या ठरल्या वारी आल्या. पुढे नवीन मदतनिसांना त्या सांगत होत्या ते मी ऐकलं, की हात पुढे असले की ते आपोआप समोरच्याला धरायला जातात, म्हणून मागे बांधायचे. एकदा भिंतीवरच्या आरशात मला त्यांची पाठ दिसली. एका हाताने त्यांनी दुसऱ्या हाताचं मनगट असं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मी फळीवर होतो, सरकत राहिलो.

कोपरला तळमजल्यावर घर मिळालं तेव्हा आईने जेवण सोडलं होतं. वडीलच शेवटी म्हणाले की आपण गेल्यावर याला कोण बघणार आहे, शिकू दे. तिथे सुधीर आधीपासून राहत होता. सुधीरला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, हातपाय त्याचं ऐकत नाहीत, बोलायला वेळ लागतो, पण बोलला की समोरच्याची वाट लावतो. ताईंना तो हेडमास्तर म्हणायचा, त्यांच्या तोंडावर. पहिल्या दिवशी ताई मांडीवर पर्स घेऊन पाहुण्यासारख्या बसल्या आणि मला म्हणाल्या, "काय राजे, चहा मिळेल का?" गॅस माझ्या उंचीच्या टेबलावर ठेवलेला होता. मी जन्मात चहा केला नव्हता. दूध उतू गेलं, साखर दोनदा पडली, आणि सगळं होईपर्यंत त्या पर्स धरून बसून राहिल्या. सुधीर एकेक शब्द काढत म्हणाला, "ताई… पिऊ नका… पुरावा म्हणून… ठेवा." ताई हसल्या आणि कप संपवला. कॉलेजच्या प्रवेशाला त्या सोबत आल्या होत्या. खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे न बघता त्यांनाच विचारलं की यांना विषय कोणता हवाय. ताईंनी ऐकूच आलं नाही असं केलं आणि भिंतीवरची सूचना वाचायला लागल्या. त्याने पुन्हा विचारलं, त्या वाचतच राहिल्या. मागे रांग चुळबुळ करायला लागली. शेवटी तो माणूस खिडकीतून वाकला आणि मला म्हणाला, "अरे बाबा, तू तरी सांग." मी इतिहास म्हणालो. माझ्या तोंडून माझ्याबद्दल बाहेर पडलेलं आणि कोणीतरी लिहून घेतलेलं ते पहिलं काहीतरी होतं.

पण ताई म्हटलं की मला सगळ्यात आधी सुधीरचे वडील गेले तो दिवस आठवतो. ते अंबरनाथला असायचे, झोपेतच गेले. सुधीरच्या मोठ्या भावाचा ताईंना फोन आला, आणि फोनवरचं अर्धं बोलणं मला ऐकू येत होतं. सुधीरला सांगू नका, त्याला सहन होणार नाही, आम्ही नंतर बघून सांगू, असं भाऊ म्हणत होता. ताईंनी फोन ठेवला, सुधीरच्या समोर खुर्ची ओढून बसल्या आणि सांगितलं. देवाघरी गेले वगैरे काही नाही, तुझे वडील वारले एवढंच. सुधीर खूप वेळ ओरडला. ताई बसून होत्या. तो थांबल्यावर त्यांनी विचारलं की जायचंय का. तो हो म्हणाला, तशी त्यांनी टेम्पो बोलावला. मीही गेलो. स्मशानात भाऊ चारचौघांत ताईंवर धावून आला, तुम्ही कोण लागता, आमच्या घरात कशाला पडता म्हणाला. ताई एवढंच म्हणाल्या, "त्याचेही वडील होते ते. तुमच्या एकट्याचे नव्हते." मग त्यांनी सुधीरची खुर्ची चितेच्या जवळ नेली, त्याच्या मुठीत फुलं दिली. त्याचा हात झटका देऊन भलतीकडेच गेला आणि फुलं चिखलात पडली. कोणी उचलली नाहीत. सुधीरनेच पुन्हा फुलं मागितली. परतताना टेम्पोत ताई म्हणाल्या की अपंग माणसांना लोक जेवायला घालतात, कपडे देतात, औषध देतात, फक्त बातमी देत नाहीत. बातमी देणं म्हणजे माणसाला मोठं मानणं, असं काहीतरी त्या म्हणाल्या होत्या. नेमके शब्द मला आठवत नाहीत, आणि उगीच बनवून लिहायचे नाहीत.

मागच्या हिवाळ्यात त्या खंगल्यासारख्या दिसायला लागल्या. स्वतःच्या बाबतीतही त्यांनी तोच नियम पाळला. एका दुपारी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं की कॅन्सर आहे, स्वादुपिंडाचा, डॉक्टर फार आशा देत नाहीत. ठाण्याच्या हॉस्पिटलात राहावं लागेल, येणं जमणार नाही, पण काय ते तुम्हाला कळत राहील. सुधीर म्हणाला, "हेडमास्तर… सुट्टी… मंजूर नाही." त्या हसल्या नाहीत… त्या दिवशी त्यांनी त्याचे केस विंचरले. ते त्याने मागितलेलं नव्हतं.

काही दिवस त्यांचे मेसेज येत होते. मग कमी झाले, मग बंद झाले. संस्थेत फोन केला तर तिथले प्रमुख सर म्हणायचे की आराम करतायत, फोन नको करूस, त्रास होतो त्यांना. सकाळी येणारे मदतनीस दादा विषय बदलायचे. आई म्हणायची की तब्येत सुधारतेय म्हणे, तू अभ्यास कर. आणि मला हळूहळू ताईंचाच राग यायला लागला. वाटायचं, नियम सगळे दुसऱ्यांसाठीच का? मीही मेसेज करणं सोडलं. परीक्षा जवळ आली होती, मी पुस्तकात डोकं घातलं. त्याच दिवसांत त्या गेल्या. सरांना माहीत होतं, दादांना माहीत होतं, शेजारच्या काकूंनासुद्धा माहीत होतं. आईने सगळ्यांना हात जोडून विनवलं होतं की पेपर होईपर्यंत बोलू नका. तिने हे मला सांगितलं तेव्हा ती रडत होती. गेल्या वर्षी तापाने मी अंथरूण धरलं होतं, अन्न सोडलं होतं, ते तिच्या डोळ्यांसमोर होतं. "तुला सांगून त्या वाचणार होत्या का रे?" असं तिने विचारलं. सुधीर भिंतीकडे बघत म्हणाला, "मला तर… पेपर… पण नव्हता." त्याला सांगायचं तर कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी आईला दोष देत नाही, असं लिहिणार होतो. पण देतो. रोज देतो, आणि तिने आणलेला डबा खातो.

मागच्या आठवड्यात मी नौपाड्याला गेलो, एकटा. कसा गेलो ते सांगत बसत नाही, व्हीलचेअर घेऊन ज्यांनी प्रवास केलाय त्यांना ते माहीत आहे. त्यांच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पायऱ्या आहेत, म्हणून खालून फोन केला. ताईंची धाकटी बहीण, शुभदामावशी, खाली आल्या आणि वॉचमनच्या खुर्चीवर बसल्या. हातात पाण्याचा तांब्या होता, पण बोलणं तुटक. "झाली का परीक्षा?" असं विचारलं त्यांनी. मी हो म्हणालो. बरे गेले का पेपर, हेही त्यांनी त्याच आवाजात विचारलं. मी म्हणालो की मावशी, मला तेरावं झाल्यावर कळलं.

मग त्यांनी सांगितलं. ताईंनी अॅडमिट झाल्यावर त्यांना बजावलं होतं की काही झालं तर महेशला, म्हणजे मला, आणि सुधीरला कळव. ताईंच्या फोनमध्ये माझा नंबर होता आणि आईचाही. मावशींना वाटलं की असल्या मुलाला एकदम कसं सांगायचं, आईने सांगितलेलं बरं, म्हणून तब्येत बिघडली तेव्हा त्यांनी आईला फोन केला. आई म्हणाली, मी सांगते दोघांना. पुढच्या वेळी आई म्हणाली, सांगितलंय, परीक्षा संपली की येणार आहेत. मावशींनी ते जसंच्या तसं ताईंना सांगितलं. म्हणजे ताईंना शेवटपर्यंत वाटत होतं की मला सगळं माहीत आहे. पेपर बुडवू नकोस म्हणावं त्याला, असं त्या सुरुवातीला म्हणायच्या. नंतर बोलणं कमी झालं. एकदा मावशीच वैतागून म्हणाल्या की अगं, यायचं असतं तर आला असता. त्यावर ताई म्हणाल्या, "त्याला यायला वेळ लागतो."

"संध्याकाळी लोक भेटायला यायचे," मावशी म्हणाल्या, "तर ही पलंगाशेजारचं स्टूल काढायला लावायची. बोलता येईना तेव्हा बोटाने दाखवायची. आम्हाला वाटायचं, वारा अडतोय. मग एक दिवस तिने कसंबसं सांगितलं की व्हीलचेअरला तेवढी जागा लागते. त्यानंतर ते स्टूल आम्ही बाहेरच ठेवलं." त्यांनी तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "ती गेली तेव्हा मी तिथेच होते. पण बसले नव्हते रे… मी उभी होते."