मॅडमच्या हातातला माउस

ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर शाळाच सुटली. चुकून कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

आमचे हे परभणीत डी.एड. कॉलेजात शिकवायचे. परीक्षेतला कोणता प्रश्न चांगला, कोणता वाईट, हे तपासायचं त्यांना भारी वेड. त्यासाठी कॉम्प्युटर पाहिजे होता. बँक नाही म्हणाली, तेव्हा मी माझ्या भावापुढं पदर पसरला. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत आला आणि त्याच्यामागं पूर्णेहून रेल्वेनं येणाऱ्या त्यांच्या कॉलेजातल्या मॅडम आल्या.

पोरांची उत्तरं भरली की पडद्यावर एकेका प्रश्नाची रेघ उमटायची. हुशार पोरांना प्रश्न सुटला, कच्च्यांना नाही, तर रेघ वर चढायची. मॅडम माउस फिरवून रेघ उघडायच्या, की हे खुर्ची ओढून शेजारी. मी चहा ठेवला तरी मान वर नाही. मी माउसला हात लावला तर मात्र, "अगं, बिघडंल!"

एकदा एक रेघ तळाला आडवीच पडलेली निघाली. हुशार काय, कच्ची काय, सगळी पोरं चुकलेली.

"वहिनी, तुम्ही सांगा," मॅडम म्हणाल्या. "लय म्हणजे काय?"

मी लाजत म्हटलं, "लय म्हणजे... खूप."

दोघं खो खो हसले. "सर, प्रश्नच चुकलाय! गाण्यातली लय विचारली होती. आपल्याकडं पोरं खूपच म्हणणार!"

"काढून टाका," म्हणत ह्यांनी मॅडमला टाळी दिली.

हसले ते प्रश्नाला, हे मला कळत होतं. पण लग्नापासून मला कधी टाळी दिली नव्हती. मॅडम गेल्यावर मी म्हटलं, "मशीन माझ्या भावाच्या पैशाचं हाय, ध्यानात ठेवा."

दुसऱ्या दिवशी ह्यांची खुर्ची जरा लांब होती. मग ते वाक्य मला गोडच लागायला लागलं. मॅडम जास्त हसल्या, की संध्याकाळी मी ते काढायची.

पण दुसऱ्या शाळाही आपले पेपर तपासायला देऊ लागल्या. पैसे येऊ लागले. एक दिवस ह्यांनी उसने पैसे फेडायला भावाला बोलावलं. मॅडमनी पेढे आणले होते. भाऊ नोटा मोजत असताना मी त्याला डोळ्यानं खुणावत होते, थोडे राहू दे म्हणून. त्याला काही उमगलं नाही.

"दाजी," तो खिशावर हात मारत म्हणाला, "आता एक रुपया बी राहिला न्हाई बघा."