सुजाताच्या सासूबाईंना मी काय सांगितलं

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

बालवाडी सुटताना फाटकापाशी आमच्या शेजारची सुजाता फिट येऊन कोसळली. एका गृहस्थाने लगेच पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. "हुंगू दे की, आत्ता उठंल!"

"तुम्हीच हुंगा!" म्हणत मी त्याला बाजूला सारलं आणि तिला कुशीवर वळवलं. तिची चार वर्षांची सई शांतपणे आईच्या तोंडावरचे केस सारत होती. बघ्यांपेक्षा तिलाच जास्त कळत होतं.

शुद्धीवर येताच सुजाताने आधी सईला चाचपलं, मग माझा हात धरला. "काकू, घरात सांगू नका. परत फिट आली तर सईला गारगोटीला आत्याकडं धाडणार, असं सासूबाईंनी बजावलंय."

संध्याकाळी सासूबाई दारात हजर. "व्हय वो, सुजाताला फिट आलती म्हणं?"

कॉन्व्हेंट शाळेत नन्सच्या छड्या खाऊन खरं बोलायला शिकलेली मी धडधडीत म्हणाले, "छे हो, उन्हाने चक्कर आली."

त्या गेल्यावर मनात आलं, उद्या घरात मायलेकी दोघीच असताना सुजाता पेटत्या शेगडीपाशी पडली तर? पण खरं सांगून त्या पोरीला आईपासून तोडायचं?

माझ्या जागी तुम्ही काय सांगितलं असतं?