सरांचं उदाहरण

सरांना उदाहरणाशिवाय घास उतरत नसे. औषधाच्या दुकानातसुद्धा ते म्हणत, "समजा, उदाहरणार्थ, मला खोकला झालाय." आणि वर खरोखरच खोकत.

शाळेतून निवृत्त झाल्यावर ते घरीच, पुढच्या खोलीत, मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवू लागले. त्या संध्याकाळी फळ्यावर दोन विशेषणं होती: चाइल्डलाइक आणि चाइल्डिश.

"दोघं सख्खे चुलतभाऊ," सर रंगात आले होते. "पण एकाला पाट द्यावा, दुसऱ्याला दार दाखवावं. मोठेपणीही लहान मुलाचा निर्मळपणा टिकला, तर चाइल्डलाइक. ही स्तुती. वय वाढलं पण अक्कल आली नाही, तर चाइल्डिश. ही शिवी."

"सर, उदाहरण?" वर्गातल्या नर्सबाईंनी विचारलं.

नेमकं तेव्हाच सरांना काही सुचेना. गॅलरीत त्यांची बायको, म्हणजे वर्गाच्या काकू, नातीबरोबर साबणाचे फुगे सोडत होती. कपाळाला फेस, पदर खोचलेला, आणि फुगा फुटला की नातीच्या आधी हिचाच आरडाओरडा.

"ते काय!" सरांनी खडू रोखला. "चाइल्डिश! साठी उलटली, पण बुद्धी अजून पाळण्यात!"

वर्ग खो खो हसला. टॅक्सीवाल्याने तर गुडघ्यावर थाप मारली. योग्य शब्द दुसरा होता, हे सरांना बोलतानाच कळलं होतं. पण हशा हातातोंडाशी आलेला, तो कोण सोडतो?

काकूंनी साबणाच्या पाण्याची वाटी खाली ठेवली, हात पुसले आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या भलत्याच शहाण्या झाल्या. सरांच्या प्रत्येक बोलण्यावर "बरं." चहा वेळेवर, कपबशी न वाजवता. नातीने पदर ओढला, "आजी, फुगे करू या ना!"

"नको गं. आजी आता मोठी झाली."

सर पेपरामागे होते. तो पेपर त्यांना खाली करवेना. चाळीस वर्षं ज्या आवाजाला ते "अगं, हळू!" म्हणत आले होते, तो आवाज घरातून निघून गेला होता आणि त्याला हाकलणारे तेच होते.

पुढच्या वर्गात त्यांनी फळ्यावर तेच दोन शब्द लिहिले. "मागच्या वेळी मी चुकीचं शिकवलं," ते स्वयंपाकघराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "आमच्या घरच्या बाईला लागू पडतो तो पहिला शब्द. स्तुतीचा." या वेळी कुणी हसलं नाही. नर्सबाई वहीत बघत बसल्या.

सगळे गेल्यावर सर मोठ्या आशेने आत गेले. काकू ओटा पुसत होत्या.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं. शब्द दुरुस्त केलात, छान झालं." काकूंनी फडकं पिळलं. "पण अहो, पुन्हा मलाच फळ्यापाशी उभं केलंत ना? त्या दिवशी हसायला, आज टाळ्यांना. माझ्याशी बोलायला वर्ग कशाला भरवायला लागतो तुम्हाला?"

सरांचे कान तापले. "समजा..." त्यांनी सुरुवात केली आणि जीभ चावली. समजा नाही, उदाहरणार्थ नाही, समोर ऐकायला कुणी नाही. फक्त ही, ओल्या हातांची. अशा वेळी काय बोलतात, हे त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं.

"चुकलो गं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की वर्गात पहिल्या बाकालाही पोचला नसता.

काकूंना पोचला. त्यांनी मान वर केली नाही, पण "बरं"ही म्हणाल्या नाहीत.