बॅगेचं कुलूप

काल मोताळ्याच्या बाजारात बॅगेसाठी कुलूप घेतलं. हाताला त्याच्या तेलाचा वास लागला आणि चेन्नई आठवली. चेन्नईच्याही पुढे, दूर दिलेल्या ताईसाठी तूरडाळ घेऊन मी आणि माय निघालो होतो. चेन्नईला गाडी बदलायला चार तास होते, पण स्टेशनवरच्या सामानघरात बिनकुलपाची बॅग ठेवून घेईनात.

“बॅगेपाशी मी हाये ना. तू जाय, समुद्र पाहून ये,” माय म्हणाली.

परतलो तेव्हा पँटची मोहरी अजून ओली होती. मायनं ती चिमटीत पिळली आणि बोट जिभेला लावलं.

“खरंच खारं हाये रे!” ती हसली. मीही हसलो.

माय जाऊन आता तीन वर्षं झाली. स्टेशनबाहेर एखादं कुलूप सहज मिळालं असतं, हे मला काल दुकानात सुचलं.